आठ कलांचा फरक

आकाशातले अंतर अंशांत आणि कलांत मोजतात. एका अंशात ६० कला असतात. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला साधारण ३० कला रुंद दिसतो. म्हणजे आठ कला हे अंतर चंद्राच्या तबकडीच्या जेमतेम पाव भागाएवढे. एखादा ग्रह गणिताने सांगितलेल्या जागेपासून एवढा बाजूला दिसला, तर साध्या डोळ्यांनी पाहणाऱ्याच्या ते लक्षातही येणार नाही. चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने मात्र एवढ्याशा फरकापायी आपली वर्षभराहून अधिक काळाची आकडेमोड बाजूला ठेवली. तिच्याबरोबर ग्रह वर्तुळातच फिरतात ही दोन हजार वर्षांची समजूतही निकालात निघाली. त्या माणसाचे नाव योहान्स केप्लर.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी आजच्या जर्मनीतल्या वाइल डेर श्टाट या लहानशा गावात झाला. वडील भाडोत्री सैनिक होते. ते पैशासाठी परक्यांच्या लढाया लढत, महिनोन्‌महिने घराबाहेर असत आणि एके दिवशी गेले ते परतलेच नाहीत. आई कॅथरिना खानावळवाल्याची मुलगी. तिला झाडपाल्याच्या औषधांची माहिती होती आणि शेजारपाजारच्या लोकांना ती औषधे देत असे. लहानपणी योहान्सला देवी आल्या. तो वाचला, पण त्याची नजर कायमची अधू झाली आणि हातांतही दोष राहिला. ज्याने पुढे आकाशाचे गणित मांडले, त्याला आकाशातले तारे धड स्पष्ट दिसत नसत.

तरीही आकाशाची पहिली ओळख आईनेच करून दिली. १५७७ मध्ये एक मोठा धूमकेतू दिसला, तेव्हा तिने पाच-सहा वर्षांच्या योहान्सला उंचवट्यावर नेऊन तो दाखवला. घरची गरिबी असली तरी हुशार मुलांना शिष्यवृत्ती मिळत असे. तिच्या आधारावर तो शिकला आणि धर्मोपदेशक होण्यासाठी ट्युबिंगेनच्या विद्यापीठात दाखल झाला. तिथे मिखाएल मेस्टलिन या प्राध्यापकांनी त्याला कोपर्निकसचा सिद्धांत शिकवला. पृथ्वी स्थिर नाही, तीही इतर ग्रहांसारखी सूर्याभोवती फिरते, हा तो सिद्धांत. त्या काळी फार थोड्या लोकांनी तो मान्य केला होता. केप्लरला तो मनापासून पटला.

१५९४ मध्ये शिक्षण पुरे होण्याआधीच त्याला ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात गणिताच्या शिक्षकाची जागा मिळाली. पहिल्या वर्षी वर्गात मोजकेच विद्यार्थी होते आणि दुसऱ्या वर्षी एकही नव्हता. नोकरीचा भाग म्हणून त्याला दरवर्षी भविष्यासह पंचांग तयार करावे लागे. पहिल्याच पंचांगात त्याने कडाक्याची थंडी आणि तुर्कांचे आक्रमण यांचे भाकीत केले. दोन्ही खरे ठरले आणि त्याचे नाव झाले. पुढेही पैशांची चणचण भासली की पत्रिका करून देणे हा त्याचा जोडधंदा राहिला. ग्रहांचा माणसावर काहीतरी परिणाम होतो असे तो मानत असे, पण बाजारातल्या ज्योतिषावर त्याचा विश्वास नव्हता.

ग्राझमध्येच १५९५ साली शिकवता शिकवता त्याला एक कल्पना सुचली. तेव्हा माहीत असलेले ग्रह सहा होते: बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू आणि शनी. सहा ग्रहांमध्ये मोकळ्या जागा पाच. आणि सर्व बाजू सारख्या असलेल्या घनाकृतीही भूमितीत पाचच आहेत. या पाच आकृती एकात एक बसवूनच देवाने ग्रहांची अंतरे ठरवली असणार, असे त्याला वाटले. १५९६ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिले. ही कल्पना साफ चुकीची होती. पण ग्रह सहाच का, त्यांची अंतरे एवढीच का, हे प्रश्न त्याने विचारले होते, आणि उत्तर तपासायचे तर अचूक निरीक्षणे हवीत हेही त्याच्या ध्यानात आले.

तशी निरीक्षणे त्या काळी एकाच माणसाकडे होती. टायको ब्राहे हा डेन्मार्कचा सरदार. एका बेटावर वेधशाळा बांधून त्याने वीस वर्षांहून अधिक काळ ग्रह-ताऱ्यांच्या जागा मोजल्या होत्या. दुर्बिणीचा शोध अजून लागायचा होता. तरी मोठमोठी धातूची उपकरणे वापरून तो एक-दोन कलांपर्यंत अचूक मोजमाप करत असे. नंतर तो सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या आश्रयाला प्रागजवळ येऊन राहिला होता. इकडे ग्राझमध्ये प्रोटेस्टंट शिक्षकांना शहर सोडायचे हुकूम निघत होते. धर्म बदलायला केप्लर तयार नव्हता. अखेर १६०० साली बायको-मुलीला घेऊन त्याने ग्राझ सोडले आणि तो टायकोकडे आला.

दोघांचे जमणे कठीण होते. टायको श्रीमंत, मानी आणि आपल्या वह्या कोणाला सहजासहजी न दाखवणारा. केप्लर गरीब, चटकन दुखावणारा आणि त्या वह्यांसाठी अधीर. टायकोने त्याला मंगळाचे काम दिले. सगळ्या ग्रहांत मंगळाचे गणित अवघड होते. तो आकाशात पुढे जाता जाता थांबतो, मागे फिरतो आणि पुन्हा पुढे जातो. पंचांगात याला मंगळ वक्री होणे म्हणतात. हे वक्री होणे पृथ्वीच्या स्वतःच्या गतीमुळे भासते, हे कोपर्निकसने सांगितले होते. तरीही त्याच्या गणिताने काढलेली जागा आणि आकाशातला मंगळ यांचा मेळ बसत नव्हता. ऑक्टोबर १६०१ मध्ये टायकोचा मृत्यू झाला. सम्राटाने केप्लरला आपला राजगणिती नेमले आणि त्या वह्या केप्लरच्या हाती आल्या.

केप्लरने सुरुवात वर्तुळापासूनच केली. मंगळ वर्तुळात फिरतो आणि सूर्य त्या वर्तुळाच्या मध्यापासून थोडा बाजूला आहे, असे त्याने धरले. सूर्य किती बाजूला आणि कोणत्या दिशेला, हे ठरवण्यासाठी त्याने सारी आकडेमोड सुमारे सत्तर वेळा केली. गणनयंत्रे नव्हती, लॉगॅरिदमचे तक्तेही नव्हते. होते फक्त कागद, टाक आणि अधू डोळे. शेवटी गणित जमले. टायकोच्या निवडक नोंदींशी ते दोन कलांच्या आत जुळले. त्या काळाच्या मानाने हे घवघवीत यश होते. मग केप्लरने तेच गणित टायकोच्या आणखी काही नोंदींवर ताडून पाहिले आणि तिथे फरक निघाला. आठ कलांचा.

तो सोडून देण्यासाठी सबबी भरपूर होत्या. टॉलेमीपासून चालत आलेल्या निरीक्षणांत दहा कलांची चूक ही रोजची गोष्ट होती. पण केप्लरला टायकोची मापे माहीत होती. त्याच्या हातून आठ कलांची चूक होणे शक्य नव्हते. निरीक्षण बरोबर असेल तर गणित चूक, आणि गणितात चूक नसेल तर ज्या गृहीतकावर ते उभे आहे तेच चूक. केप्लरने ते गृहीतक सोडले.

पुढची पायरी त्याच्या कल्पकतेची साक्ष देते. मंगळ पाहायचा तो पृथ्वीवरून, आणि पृथ्वी स्वतः फिरते आहे. मग आधी पृथ्वीचीच वाट नीट कळायला हवी. मंगळाला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला ६८७ दिवस लागतात. म्हणजे ६८७ दिवसांच्या अंतराने केलेल्या दोन नोंदी घेतल्या, तर मंगळ दोन्ही वेळी एकाच जागी असतो, पण पृथ्वी वेगवेगळ्या जागी असते. टायकोच्या वह्यांतून अशा नोंदी शोधून केप्लरने मंगळाला एखाद्या मैलाच्या दगडासारखे वापरले आणि पृथ्वीची कक्षा मोजली. जणू तो मंगळावर उभा राहून पृथ्वीकडे पाहत होता. त्यात दिसले की पृथ्वीचा वेगही सारखा नाही. ती सूर्याच्या जवळ असताना भराभर चालते, लांब असताना रमतगमत.

यातूनच आज ज्याला केप्लरचा दुसरा नियम म्हणतात तो आधी सापडला: ग्रह आणि सूर्य यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते. याचा पडताळा भिंतीवरच्या दिनदर्शिकेतही मिळतो. मार्चमधल्या वसंत संपातापासून सप्टेंबरमधल्या शरद संपातापर्यंत सुमारे १८६ दिवस होतात, आणि तिथून पुन्हा मार्चपर्यंत सुमारे १७९. दोन्ही वेळा पृथ्वी सूर्याभोवती अर्धी फेरीच मारते, मग सात दिवसांचा फरक कसा? जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते, तर जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटी किलोमीटरवर. आपल्या थंडीच्या दिवसांत ती सूर्याच्या जवळ असते, म्हणून तो अर्धा भाग लवकर सरतो. उन्हाळा आणि हिवाळा पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे होतात, सूर्याच्या अंतरामुळे नव्हे, हेही यावरून कळते.

मंगळाच्या वाटेचा आकार मात्र अजून हुलकावणी देत होता. केप्लरने अंड्यासारखा आकार घेऊन पाहिला, त्यात वर्ष-दोन वर्षे गेली. अखेर १६०५ मध्ये उत्तर मिळाले. ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते आणि सूर्य तिच्या मध्यावर नसून एका नाभीवर असतो. हा पहिला नियम.

हे लंबवर्तुळ पुस्तकातल्या चित्रांत दाखवतात तसे चपटे नसते. मंगळाची कक्षा कागदावर दहा सेंटिमीटर त्रिज्येची काढली, तर ती एका बाजूने वर्तुळापेक्षा अर्धा मिलिमीटरही आत येत नाही. सूर्य मात्र मध्यापासून नऊ मिलिमीटर बाजूला असतो. पेन्सिलीच्या रेघेइतका हा फरक आठ कलांमुळे पकडला गेला. केप्लरला इतर ग्रहांऐवजी मंगळ मिळाला हेही नशीबच. शुक्राची कक्षा जवळजवळ वर्तुळच आहे. तिथे हा फरक टायकोच्याही मापात आला नसता.

हे दोन नियम सांगणारे पुस्तक १६०९ साली छापले गेले. टायकोच्या वारसांशी निरीक्षणांच्या हक्कावरून वाद झाल्यामुळे ते चार वर्षे रखडले होते. ग्रहांना कोण फिरवते, हा प्रश्नही केप्लरने त्यात विचारला. सूर्यातूनच काही बळ निघत असावे आणि ते चुंबकासारखे असावे, असे त्याचे उत्तर होते. उत्तर बरोबर नव्हते. पण आकाशाचे नुसते चित्र काढण्याऐवजी त्यामागचे कारण शोधायला हवे, ही वाट त्याने दाखवली.

याच काळात त्याने डोळ्याचाही अभ्यास केला. वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागच्या दृष्टिपटलावर पडते आणि ती उलटी असते, हे १६०४ च्या पुस्तकात त्याने मांडले. त्याआधी डोळ्यातले भिंगच पाहण्याचे काम करते असा समज होता. लांबचे धूसर दिसणाऱ्याला चष्मा का उपयोगी पडतो, याचे बरोबर कारणही त्याने दिले: प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे तयार होते आणि चष्म्याचे भिंग तिला मागे ढकलते. चष्म्याचा वापर तीनशे वर्षे चालू होता, पण तो कसे काम करतो हे तोवर नीट सांगता येत नव्हते. १६१० मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र पाहिले, तेव्हा अनेक विद्वान हसले. केप्लरने जाहीरपणे त्याची बाजू घेतली, मागून आणलेल्या दुर्बिणीतून ते चंद्र स्वतः पाहिले आणि त्यांच्यासाठी लॅटिनमधला सेवक या अर्थाचा शब्द वापरला. इंग्रजीतला सॅटेलाइट हा शब्द तिथून आला. पुढच्याच वर्षी त्याने दोन बहिर्गोल भिंगांच्या दुर्बिणीची रचना सांगितली. तिला आजही त्याचेच नाव आहे.

१६११ हे वर्ष घराला मात्र भोवले. सहा वर्षांचा मुलगा देवीने गेला, त्यामागोमाग पत्नी बार्बारा तापाने गेली. सम्राट रुडॉल्फला गादी सोडावी लागली. केप्लर लिंझ शहरात शिक्षक म्हणून गेला आणि त्याने दुसरे लग्न केले. पण धर्माच्या एका मसुद्यावर शंका ठेवून सही नाकारल्यामुळे त्याच्याच पंथाने त्याला प्रार्थनेतल्या प्रसादापासून दूर ठेवले. कॅथलिक त्याला आपला मानत नव्हते आणि प्रोटेस्टंटही नाही.

मग आईवर संकट आले. १६१५ साली लिओनबर्ग या तिच्या गावातल्या एका बाईने आरोप केला की, कॅथरिनाने दिलेले पेय पिऊन आपण आजारी पडलो आणि ती चेटकीण आहे. त्या भागात काही स्त्रियांना चेटकीण ठरवून नुकतेच जिवे मारले होते. आरोप वाढत गेले आणि ऑगस्ट १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या कॅथरिनाला साखळदंड घालून तुरुंगात टाकले. केप्लर लिंझचे काम सोडून आला. खटला तोंडी न चालता लेखी चालावा, असा त्याने आग्रह धरला. मग एकेका आरोपाची तो चिकित्सा करू लागला. आजार कधी सुरू झाला, त्याला दुसरे साधे कारण असू शकते का, साक्षीदारांच्या सांगण्यात मेळ आहे का. मंगळाच्या नोंदी त्याने अशाच तपासल्या होत्या. शेवटी कॅथरिनाला यातना देण्याची अवजारे दाखवून कबुलीजबाब मागण्यात आला. तिने तो दिला नाही. चौदा महिन्यांनी, ऑक्टोबर १६२१ मध्ये, ती सुटली आणि पुढच्या वसंतात वारली.

या साऱ्या धामधुमीतच तिसरा नियम सापडला. फेब्रुवारी १६१८ मध्ये केप्लरची लहान मुलगी गेली होती. गणितात मन लागेना म्हणून त्याने विश्वातल्या सुसंवादावरचे आपले जुने लिखाण पुन्हा हाती घेतले. मे महिन्यात त्याला हवे ते नाते मिळाले: ग्रहाच्या आवर्तकालाचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. उदाहरणार्थ, गुरू पृथ्वीच्या ५.२ पट दूर आहे. ५.२ चा घन सुमारे १४०.६. त्याचे वर्गमूळ काढले की ११.८६ येते, आणि गुरूला सूर्याभोवती फिरायला तेवढीच वर्षे लागतात. पुढे केप्लरने दाखवले की गुरूचे चार चंद्रही गुरूभोवती याच नियमाने फिरतात. नियम फक्त सूर्याचा नव्हता. त्याच मे महिन्यात प्रागमध्ये तीस वर्षांच्या युद्धाची ठिणगी पडली.

आयुष्याचे शेवटचे मोठे काम म्हणजे ग्रहांच्या जागा सांगणारे तक्ते. नव्यानेच निघालेल्या लॉगॅरिदमचा त्याने त्यात उपयोग केला. १६२६ मध्ये लिंझला वेढा पडला आणि छापखाना जळाला. केप्लरने कुटुंबासह शहर सोडले आणि १६२७ मध्ये उल्म शहरात तक्ते छापून घेतले. त्यांवरून त्याने जाहीर केले की ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुध सूर्याच्या तबकडीवरून जाताना दिसेल. असे अधिक्रमण तोवर कोणी पाहिलेले नव्हते.

ते पाहायला केप्लर राहिला नाही. राजदरबाराकडे त्याच्या पगाराची मोठी बाकी थकली होती. ती मिळवण्याच्या आशेने तो १६३० च्या हिवाळ्याच्या तोंडावर घोड्यावरून रेगेन्सबुर्गला गेला. तिथे ताप येऊन १५ नोव्हेंबरला, वयाच्या ५८ व्या वर्षी तो वारला. काही वर्षांतच युद्धात ते कब्रस्तान उद्ध्वस्त झाले, आणि त्याची कबर आज कुठेच दाखवता येत नाही. पुढच्या वर्षी ठरल्या दिवशी पॅरिसमध्ये प्येर गासेंदी याने सूर्यावरून सरकणारा बुधाचा काळा ठिपका पाहिला. इतर तक्ते अंशाअंशांनी चुकले होते.

पुढे १६८७ मध्ये न्यूटनने दाखवले की केप्लरचे तिन्ही नियम गुरुत्वाकर्षणातून आपोआप निघतात. त्या जोरावर चंद्रांच्या फेऱ्यांवरून ग्रहाचे आणि ग्रहांच्या फेऱ्यांवरून सूर्याचे वस्तुमान काढता येऊ लागले. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे २,६०० हून अधिक ग्रह शोधणाऱ्या अवकाश दुर्बिणीला केप्लरचेच नाव दिले होते. २०१४ साली भारताचे मंगळयान मंगळापर्यंत पोहोचले ते सूर्याभोवतीच्या लंबवर्तुळावरूनच. मंगळाभोवतीही ते लांबट कक्षेत फिरले: जवळच्या टोकाला सुमारे ४२१ किलोमीटरवरून झपाट्याने, दूरच्या टोकाला सुमारे ७७ हजार किलोमीटरवरून संथपणे.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हे तीन नियम आता थोडक्या ओळींत उरकतात. सत्तर वेळा केलेले गणित आणि शेवटी निघालेला आठ कलांचा फरक त्यात नसतो. केप्लरच्या कितीतरी कल्पना चुकीच्या होत्या. त्यांतल्या काही त्याने मरेपर्यंत सोडल्या नाहीत. पण मंगळाच्या बाबतीत आपले आवडते गणित आणि आकाशातली नोंद यांत त्याने नोंदीची बाजू घेतली. आठ कला त्याने माफ केल्या असत्या, तर त्या वेळी कोणाच्या लक्षातही आले नसते.